दुपट्ट्याखालचा माऊस

१७ मार्च. दुपारी शटर अर्धं खाली ओढलं आणि माऊस साफ करायला घेतला. चिमटा, जुना टूथब्रश, कापूस आणि बाटलीच्या तळाशी उरलेलं स्पिरिट एवढं सामान.

कारण सरळ होतं. आदल्या दिवशी छापून आलेल्या बॅनरवर जयंती समितीच्या अध्यक्षांचा चेहरा अर्धाच दिसत होता. उरलेल्या अर्ध्यावर सचिवांचा खांदा होता. अध्यक्ष माझे चुलत दीर. त्यांनी बॅनर दुकानासमोर रस्त्यावर पसरला आणि चार माणसांत विचारलं, "वहिनी, मी काय घोडं मारलं तुमचं? माह्या तोंडावर याचा खांदा काहून ठेवला?"

"माऊस खराब झाला," मी म्हटलं.

"मंग नवा घ्या न. जयंतीले महिना नाई राह्यला. आपले सगळे बॅनर तुमच्याकडेच हायेत. नाई जमत असन तं सांगा, कारंज्याले देतो."

स्क्रीनवर एखादा फोटो उचलून दुसरीकडे न्यायचा तर माऊसचं डावं बटण दाबून धरावं लागतं. मधेच सुटलं की फोटो तिथेच पडतो. बॅनरवर चौदा चेहरे होते, त्यातला एक वाटेत पडला आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. गेल्या तीन महिन्यांत असं पाच-सहा वेळा झालं होतं. आतापर्यंत छापण्याआधी सापडत होतं, एवढाच फरक.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, गेमिंग माऊस घे."

"मी काय खेळत बसते का?"

"खेळणारे दिवसभर क्लिक करतात. तू काय करतेस दिवसभर?"

तिचं बरोबर होतं. पण साध्या माऊसच्या पाच-सहा पट किंमत देऊन लाल-हिरवे दिवे लागणारी वस्तू घ्यायची की नाही, हे फोनवर ठरवायची माझी पद्धत नाही. आणि एक गेमिंग माऊस दुकानात होताच. सगळ्यात खालच्या खणात, जुन्या पत्रिकांच्या नमुन्यांखाली. तो काकांचा.

हे दुकान मूळचं काकांचं. सगळा बाजार त्यांना काकाच म्हणायचा. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या मानोऱ्यात लग्नपत्रिका, बॅनर, बिलबुकं करून देणारं ते पहिलं दुकान. मी तिथे टायपिंग करायला लागले तेव्हा मुलगी बालवाडीत होती. काका त्याआधी नोकरीत ट्रेसर होते, म्हणजे शेतांचे जुने नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवून काढायचे. आयुष्यभर रेघा मारल्या. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर घेतला आणि म्हणाले, आता याच्यावर मारू.

त्यांच्या हाताचा त्यांना गर्व होता, आणि तो खोटा नव्हता. पट्टी न घेता हातभर लांब सरळ रेघ मारायचे. समोरचे टेलरचाचा कधी कधी कापड घेऊन यायचे, "उस्ताद, जरा हात लावा." काका खडू घ्यायचे, श्वास रोखायचे आणि एका दमात गळ्यापासून घेरापर्यंत रेघ ओढायचे. चाचा मग टेप लावून बघायचे, मान हलवायचे, आणि त्या रेघेवरून कात्री चालवायचे. काका म्हणायचे, "रेघ खोटं बोलत नसते, बाई. माणूस बोलते."

त्यांनी काही विकत घेणं हा त्यांच्या घरच्या आणि बाजारातल्या सगळ्यांचाच ताप होता. चपला घेतल्या तर तहसीलपर्यंत जाऊन परत यायचे आणि मग पैसे द्यायचे. पंखा घेतला तेव्हा दोन दिवस दुकानदाराच्याच दुकानात लावून ठेवायला सांगितला. छत्री त्यांनी भर वैशाखात घेतली. पावसाळ्यात दुकानदार भाव खातो म्हणून. ती उघडून रस्त्यात उभे राहिले आणि म्हणाले, "ओत एक बादली."

दुकानदार म्हणाला, "काका, नळाले चार दिवसाआड पाणी येते. पेयाले पाणी नाई अन् तुमी छत्रीवर ओतायले सांगून राह्यले?"

"मंग राहू दे. पाणी आल्यावर येतो." आणि चार दिवसांनी खरोखर गेले.

"वस्तू म्हंजे पाव्हणा," असं त्यांचं म्हणणं होतं. "दारातून सगळेच गोड बोलतात. राहू द्या लागते, मंग समजते."

पण खरी परीक्षा दुपट्ट्याखाली व्हायची. त्यांचे वडील बैलबाजारात दलाल होते. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वरून दुपट्टा टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी सौदा दोघांतच राहतो. काकांनी ही रीत लहानपणी पाहिली आणि तिचा आपल्या मनाने वेगळाच उपयोग काढला. कुठलीही वस्तू हातात घ्यायची, हातावर खांद्यावरचा पांढरा दुपट्टा टाकायचा, आणि न बघता ठरवायचं.

"डोया लालची असते," ते म्हणायचे. "रंग पायला का फिसलते. हाताले तसं नाई. हात फक्त कामाचं पायते."

गिऱ्हाइकांनाही सोडत नसत. पत्रिकेचा कागद निवडायला आलेल्या बायांना ते तीन नमुने दुपट्ट्याखाली देत. एकदा एका नवऱ्या मुलीच्या मावशीने हात मागे घेतला. "अवो, पत्रिका हाय का बैल?"

"बैल असता तं दात पायले असते," काका म्हणाले. "तुमी बोट लावा."

तिने लावलं. हाच सगळ्यात महागाचा सोनेरी कागद असं समजून जो निवडला, तो साधा हातकागद निघाला. मावशी चिडली, पण पत्रिका त्याच कागदावर झाली. मला हे सगळं वेळखाऊ वाटायचं. तेवढ्या वेळात तीन पत्रिका टाईप होतात. तसं मी म्हणायचेही. ते म्हणायचे, "तू लय घाईची हाय." ते मला मान्य आहे.

गेमिंग माऊस आला तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी ते हरले असं आम्ही सगळे समजलो.

अकोल्याचा एक विक्रेता महिन्यातून एकदा पिशवी घेऊन यायचा. शाई, कागद, कीबोर्ड, असलं सामान. त्या दिवशी त्याने टेबलावर तीन माऊस ठेवले. एक आमचा नेहमीचा, एक त्याहून जरा बरा, आणि तिसरा गेमिंगचा. तो जोडला तसे त्याच्या पोटातून लाल, निळे, हिरवे दिवे फिरायला लागले. चहा प्यायला आलेले टेलरचाचा हसून मागे सरकले.

"हे माऊस हाय का गणपतीची माळ?" काकांनी विचारलं.

"काका, हात तर लावून पाहा."

"हात लावतो. दिवे पाहत नाई." आणि दुपट्टा टाकला.

खूप वेळ लागला. काका प्रत्येक माऊसवर हात ठेवत, थोडा सरकवत, बटण दाबत, दाबून धरत. चेहऱ्यावर काही नाही. शेवटी दुपट्ट्याखालून एक माऊस बाहेर काढला. दिव्यांचा.

चाचा ओरडले, "या अल्ला! उस्ताद फिसल गये!"

"क्रम बदल," काका विक्रेत्याला म्हणाले. त्याने दुपट्ट्याखाली तिन्ही माऊस इकडचे तिकडे केले. पुन्हा तोच बाहेर आला. तिसऱ्यांदाही तोच.

"आता काय करता?" चाचांनी विचारलं.

"करतो काय म्हंजे? हातानं सांगतलं. घ्या लागते."

मग मला म्हणाले, "बाई, जा, चहा सांगून ये." चहा नुकताच झाला होता. आणि चहा सांगायला दारातून आवाज दिला की पुरायचं, कोणी उठून जात नसे. पण मी गेले. परत आले तेव्हा विक्रेता काकांच्या कॉम्प्युटरवर काहीतरी सेट करून उठत होता आणि काका माऊसला काळी चिकटपट्टी गुंडाळत होते, दिवे दिसू नयेत म्हणून. त्या दिवसापासून नियम झाला की काकांच्या माऊसला कोणी हात लावायचा नाही.

त्यानंतरची तीनेक वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. त्या काळात त्यांच्या विचित्रपणात भर पडली, असंच मी आजपर्यंत सांगत आले. स्वतःच्या सहीचा रबरी शिक्का करून घेतला. कोणी हसलं तर म्हणायचे, "सही रोज वेगळी येते, शिक्का एकसारखा येते." कपबशीतला चहा बंद केला. मोठा स्टीलचा ग्लास आणला, त्यात अर्धाच चहा घ्यायचे. चाचा कापड घेऊन आले की म्हणायचे, "आज खडू बरोबर नाई." वर्षभर खडू बरोबर नव्हता, मग चाचांनी कापड आणणं बंद केलं. नकाशाचं, नक्षीचं, बारीक कोपऱ्यांचं काम माझ्याकडे सरकवायचे. "तू कर. तुझे डोये तरने हायेत." मला वाटलं, एवढ्या वर्षांनी शेवटी शिकवायला तयार झाले. मी खूश होते. थोडी तक्रारही होती, कारण काम दुप्पट झालं.

मग ते मुलाकडे नागपूरला गेले, दुकान मला चालवायला देऊन. चार वर्षांपूर्वी वारले. माऊस खणात राहिला.

तर तो माऊस मी काढला. चिकटपट्टीचा गोंद वितळून त्यावर धूळ बसली होती. पट्टी सोलली, स्पिरिटने घासला. उंदराने वायर कुरतडली होती, पण एका कोनात वाकवून धरली की चालत होती. दिवे लागले, अजून तसेच, लाल, निळे, हिरवे.

साफ केल्यावर जे दिसलं ते असं. एखादा माऊस तीन-चार वर्षं वापरला की त्याचं डावं बटण झिजतं. तिथे तर्जनीचा एक गुळगुळीत चमकदार डाग पडतो. माझ्या प्रत्येक माऊसवर पडलाय. काकांच्या माऊसचं डावं बटण कोरं होतं. खरखरीत, जसं डब्यातून काढलेलं. आणि डाव्या बाजूला अंगठ्याजवळ एक छोटं बटण होतं, ते झिजून काचेसारखं झालं होतं.

ते बटण सहसा मागचं पान उघडायला असतं. मी एका फोटोवर बाण नेला आणि ते दाबलं. मागचं पान उघडलं नाही. फोटो पकडला गेला. अंगठा दाबून धरला आणि माऊस सरकवला, फोटो बरोबर आला. कॉम्प्युटर मधल्या काळात दोनदा बदललाय, पण ही सेटिंग माऊसच्या आतच राहते. म्हणजे विक्रेत्याने त्या दिवशी, मला चहाला पाठवून, बोटाचं काम अंगठ्याला दिलं होतं. काकांचं बोट तेव्हाच कामातून गेलं होतं.

मी शटर वर केलं आणि माऊस हातात तसाच घेऊन समोर गेले. टेलरचाचा मशीनवर होते. त्यांना बटण दाखवलं, सांगितलं. त्यांनी पाय थांबवला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुले आता समजलं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमच्या दुकानाले बादमें, माह्या दुकानाले पहले समजलं. माऊस यायच्या आधीच तो शर्ट घेऊन आल्ता. म्हणे, गुंड्या काढ, टिचबटन लाव. मी म्हटलं, उस्ताद, टिचबटन तं लेकराच्या झबल्याले लावतेत. म्हणे, फॅशन हाय." चाचा हसले नाहीत. "त्याले गुंडी लागत नव्हती, बेटा. हात कापे. बोटात जोर नोहता."

"मग त्या दिवशी ओरडलात कशाला, फिसल गये म्हणून?"

"त्यालेच ते पाह्यजे होतं. मी नसतो वरडलो तं तुमी सगळे हाताकडे पायले असते."

"मला कोणी सांगितलं का नाही? मी शेजारी बसत होते."

"त्याचा सौदा होता तो. दुपट्ट्याखालचं दुपट्ट्याखाली राह्यते."

मला आधी राग आला. अकरा वर्षं शेजारी बसले, शेवटची तीन डोळे तरणे असल्याचं कौतुक ऐकलं आणि त्याच डोळ्यांना हात दिसला नाही. मी त्यांच्या वेळखाऊपणावरून बोलले होते, तेही आठवलं. पण त्याचं आता काही करता येत नाही, म्हणून परत दुकानात येऊन उरलेलं काम केलं. परीक्षा अर्धीच झाली होती.

माझा जुना माऊस, दुकानात जादा ठेवलेला नवा साधा माऊस आणि काकांचा, तिन्हींवर एकच फोटो दहा-दहा वेळा नेऊन पाहिला. दुपट्टा नव्हता, डोळे उघडे ठेवून. डावं बटण वापरलं की तिन्हींवर फोटो कधी ना कधी पडला. काकांच्या कोऱ्या बटणावरसुद्धा. अंगठ्याने नेला तेव्हा एकदाही पडला नाही. म्हणजे माऊस खराब नव्हता. एकही नाही.

माझी तर्जनी डिसेंबरपासून अडकते. सकाळी वळलेली राहते, दुसऱ्या हाताने सरळ करावी लागते, टक असा आवाज येतो. घरी मी सांगितलं नाही. दुकानात कोणी समोर असताना बोट अडकलं तर मी म्हणते, "जरा थांबा, कॉम्प्युटर हँग झालाय." कॉम्प्युटर वर्षभरापूर्वी नवा घेतलाय, तो कधीच हँग होत नाही. जानेवारीपासून मी लांब बाह्यांचे ब्लाऊज घालते, कारण मनगटाला पट्टा असतो. वाशीमच्या उन्हाळ्यात लांब बाह्या. आणि दिरांना चार माणसांत सांगितलं, माऊस खराब झाला.

काकांनी दुपट्टा तरी पांढरा, धुतलेला वापरला होता.

संध्याकाळी दिरांना फोन केला. "भाऊजी, माऊस चांगला आहे. माझं बोट अडकतं. तीन महिने झाले."

बॅनर कारंज्याला जाणार, असं मी धरून चालले होते.

"मंग पयले काहून नाई सांगतलं?" ते म्हणाले.

"सांगते आहे न आता. उद्या बंदोबस्त करते. जमलं नाही तर परवा तुम्हाला सांगेन, तेव्हा कारंज्याला द्या. एक दिवस थांबा."

"एक कायले, दोन दिवस थांबतो. पण वहिनी, माह्यं तोंड पुरं पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने वाशीमला गेले. आखूड बाह्यांचा ब्लाऊज घातला, पट्टा वरून दिसत होता. आधी हाडाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. माझ्या पुढे पंचवीस-तीस जण होते, म्हणून तेवढ्या वेळात चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. काउंटरवर गर्दी होती. गेमिंग माऊस म्हटल्यावर दुकानदाराने सगळ्यात जास्त दिव्यांचा काढला.

"कोणाले पाह्यजे, ताई? घरी कोण खेळते?"

"कोणी खेळत नाही. मला पाहिजे. माझं हे बोट चालत नाही. अंगठ्याजवळ बटण असलेला दाखवा, आणि त्या बटणाला डाव्या बटणाचं काम लावून द्या."

बाजूच्या दोघांनी वळून माझ्या हाताकडे पाहिलं. दुकानदाराने तसे तीन माऊस काढून ठेवले आणि आवाज खाली आणला. "असं व्हय. तुमी आत या न, ताई. बसून निवांत सांगा."

"इथंच लावा," मी म्हटलं, पट्टा बांधलेला हात काउंटरवर ठेवला, आणि तिन्ही माऊस एकेक करून अंगठ्याने दाबून पाहिले.